गोल पोटाचं गणित

गव्हाचं काड, भाताचा पेंढा, उसाचं चिपाड नाहीतर शिंप्याकडच्या चिंध्या, असल्या मालापासून कागद काढणाऱ्या जुन्या धर्तीच्या लहान कारखान्यात सगळ्यात आधी नजरेत भरतो तो एक पोलादी गोळा. दोन बाजूंच्या खांबांवर आडव्या आसाने टेकलेला, माणसाच्या दुप्पट उंचीचा हा गोळा इतका सावकाश फिरतो की तो बंदच आहे असं वाटावं. मिनिटाला एखादा फेरा, कधी त्याहूनही कमी. कारखान्यात त्याला डायजेस्टर म्हणतात. १४, २५ आणि ४० घनमीटर ही त्याची रुळलेली मापं. २५ घनमीटरच्या गोळ्याचा व्यास सुमारे ३.६ मीटर भरतो.

त्याचं काम पाळीपाळीने चालतं. तोंड वर आणायचं, तुकडे केलेलं काड आणि कास्टिक सोड्याचं पाणी आत सोडायचं, झाकण बोल्टांनी आवळायचं आणि गोळा फिरता करायचा. ज्या आसावर तो फिरतो तो आतून पोकळ असतो. वाफ त्याच वाटेने आत शिरते, त्यामुळे फिरत्या भांड्यात नळी कशी जोडायची हा प्रश्न सुटतो. आतलं तापमान १५० ते १७० अंश सेल्सिअसपर्यंत जातं आणि दाब वातावरणाच्या पाच ते आठ पट होतो. काही तासांत काडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना एकमेकांना धरून ठेवणारं द्रव्य, सोड्यात विरघळतं. मग झडप उघडली की आतल्या दाबानेच सगळा लगदा नळीतून बाहेर फेकला जातो. तंतू धुऊन घेतले की मागे काळं पाणी उरतं. त्याच्याकडे नंतर वळू.

यंत्र साधं आहे, पण त्याने एक मोठा प्रश्न उभा केला आहे. पचवायचं काम जिथे जिथे आहे, मग ते कागदाच्या कारखान्यात असो, मैलाशुद्धीकरण केंद्रात असो, गोठ्यामागच्या खड्ड्यात असो, प्रयोगशाळेच्या चंबूत असो की पेशीच्या आत, तिथे तिथे गोल किंवा गोलाच्या जवळचा आकार पुनःपुन्हा दिसतो. आणि तितक्याच वेळा तो सोडून दिलेलाही दिसतो. असं का होतं? उत्तर शोधताना भौतिकशास्त्र, जीवशास्त्र आणि गवंडीकाम एकाच पंगतीला बसवावं लागतं. पचवणाऱ्या भांड्याला तीन कामं करावी लागतात: माल आणि दाब धरून ठेवणं, आतला माल हलता ठेवणं आणि काम झालं की रिकामं होणं. यातलं पहिलं काम गोलाइतकं चांगलं कोणालाच जमत नाही. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात मात्र गोल कच्चा आहे. या विषयातला जवळजवळ सगळा इतिहास हा कच्चेपणा झाकण्याच्या युक्त्यांचा आहे.

धरून ठेवण्याची बाजू आधी निकालात काढू, कारण ती सरळ आहे. आत दाब असलेल्या दंडगोलाच्या भिंतीत जेवढा ताण येतो, त्याच्या बरोबर निम्मा ताण त्याच व्यासाच्या गोलाच्या भिंतीत येतो. म्हणजे त्याच दाबाला निम्म्या जाडीचा पत्रा पुरतो. दुसरा फायदा पृष्ठफळाचा. एक घनमीटर माल ठेवायला ठोकळ्याला ६ चौरस मीटर भिंत लागते, उंची आणि व्यास सारखे असलेल्या दंडगोलाला ५.५४ आणि गोलाला फक्त ४.८४. भिंत कमी म्हणजे पत्रा कमी, रंग कमी आणि बाहेर जाणारी उष्णताही कमी. तिसरी गोष्ट कोपऱ्यांची. कोपरा आला की ताण तिथे एकवटतो, गंज तिथून सुरू होतो, माल तिथे अडकतो. गोलाला कोपराच नाही.

एवढे गुण असूनही गोल भांडं सरसकट वापरात येत नाही, कारण ते बनवणं कटकटीचं आहे. सपाट पत्रा वाकवून दंडगोल होतो. गोलासाठी पत्र्याच्या पाकळ्या दोन्ही दिशांनी दाबून काढाव्या लागतात आणि लांबच लांब सांधे जोडावे लागतात. दाबाच्या भांड्याचा आद्य जनक देनी पापँ यानेही १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाडं मऊ करण्याचं जे यंत्र मांडलं ते दंडगोलच होतं. वर स्क्रूने आवळायचं झाकण आणि वजन लावलेली सुरक्षा झडप अशी त्याची रचना होती. १६८२ मध्ये त्याने सोसायटीच्या सभासदांना या भांड्यात शिजवलेलं जेवण वाढलं आणि कडक हाडं चीजसारखी मऊ झालेली पाहून मंडळी थक्क झाली. आपल्या घरातला कुकर त्याच घराण्यातला. त्याची शिटी हा पापँच्या झडपेचाच वारसा आहे.

मोठा पोलादी गोल हे विसाव्या शतकाचं काम. शिकागो ब्रिज अँड आयर्न या कंपनीने १९२३ मध्ये टेक्सासमधल्या पोर्ट आर्थर इथे असा पहिला गोल उभारला. कंपनीचे संस्थापक होरेस हॉर्टन यांच्या नावावरून असल्या गोलांना आजही हॉर्टन स्फिअर म्हणतात. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या आवारात पायांवर उभे असलेले पांढरे गोल ते हेच. त्यांच्या पोटात काही पचत नाही. नुसता गॅस द्रवरूपात दाबून ठेवलेला असतो. पण नुसतं धरून ठेवणंही किती जोखमीचं असतं ते फ्रान्समधल्या फेझँ इथे ४ जानेवारी १९६६ रोजी दिसलं. प्रोपेनच्या गोलाच्या तळातलं पाणी काढताना झडप गोठून अडकली, गॅस बाहेर पडत राहिला, त्याने पेट घेतला आणि आगीत तापलेला गोल फुटला. १८ माणसं गेली. भारतात १९९७ मध्ये विशाखापट्टणमच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात गॅस पेटून झालेल्या दुर्घटनेनंतर मातीच्या ढिगाखाली पुरलेल्या आडव्या दंडगोल टाक्यांकडे कल वाढला. म्हणजे ज्या एका कामात गोल अव्वल, तिथेही व्यवहाराने कधीकधी दंडगोलच निवडला. कागदावरचं गणित आणि आवारातली आग यांचं नेहमी जुळतंच असं नाही.

आता पचनाकडे वळू, आणि सर्वांत लहान भांड्यापासून सुरुवात करू. पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या तोंडाशी जमलेले जिवाणू एका पाण्याच्या थेंबासकट आत ओढले जातात आणि त्यांच्याभोवती पटलाचा एक गोल तयार होतो. ही अन्नधानी. ती पेशीभर फिरते. आधी तिच्यातला रस तीव्र आम्लधर्मी होतो, मग विकरं येऊन मिळतात, पुढे आम्लता उतरते, पचलेलं पेशीरसात झिरपतं आणि उरलेला गाळ ठरावीक जागी बाहेर टाकला जातो. आपल्या पेशींतही तीच पद्धत आहे. १८८२ मध्ये इटलीतल्या मेस्सिना इथे एली मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि भटक्या पेशी त्याच्याभोवती गोळा होऊन त्याला गिळू पाहताना पाहिल्या. रोगप्रतिकाराच्या अभ्यासाची एक मोठी शाखा तिथून सुरू झाली. गिळलेलं पचवणाऱ्या, पेशीच्या आतल्या पिशव्यांचा शोध बेल्जियमच्या ख्रिस्तियाँ द द्यूव यांनी १९५५ मध्ये जाहीर केला. शाळेच्या पुस्तकात त्यांना लयकारिका म्हणतात.

लयकारिका म्हणजे पचनाच्या गोल भांड्याचा जवळजवळ आदर्श नमुना. व्यास मायक्रोमीटरच्या आसपास, आत पन्नासहून जास्त प्रकारची विकरं आणि सामू ४.५ ते ५. बाहेर पेशीरसाचा सामू ७ च्या थोडा वर. म्हणजे भांडं फुटलं तरी विकरं बाहेरच्या सामूत फारशी चालत नाहीत आणि पेशी स्वतःलाच पचवून टाकत नाही. कारखान्यातल्या सुरक्षा झडपेहून हा बंदोबस्त जास्त शहाणपणाचा म्हटला पाहिजे. एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक मायक्रोमीटर व्यासाच्या गोलात ५ सामूला मोकळे हायड्रोजन आयन किती असतील? साधारण तीन हजार. लाखोही नाहीत. पटलातले पंप सतत आयन आत ढकलत असतात म्हणूनच ही आम्लता टिकते.

या भांड्याला ढवळणी का लागत नाही, ही खरी मेख आहे. पाण्यात विरघळलेला लहान रेणू केवळ विसरणाने एक मायक्रोमीटर अंतर साधारण अर्ध्या सहस्रांश सेकंदात कापतो. हा वेळ अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. तोच रेणू ढवळल्याशिवाय एक मीटर जायचा झाला तर सुमारे १६ वर्षं लागतात. भिंतीचंही तसंच आहे. एक मायक्रोमीटरच्या गोलात दर घनमीटर मालामागे ६० लाख चौरस मीटर पटल असतं. चार मीटरच्या पोलादी गोळ्यात दर घनमीटरमागे दीड चौरस मीटर भिंत. आकार तोच, पण मधला फरक ४० लाख पटींचा. लहानपणी गोल असणं हा पचनाला वर आहे आणि मोठेपणी तो शाप ठरतो, हे या दोन आकड्यांतच आलं.

तिसऱ्या कामात, म्हणजे रिकामं होण्यात, मात्र हा चिमुकला गोलही अडतो. एखादं विकर जन्मतः नसेल तर ते ज्या द्रव्याचे तुकडे करायचं ते द्रव्य आत साठत जातं आणि लयकारिका फुगत राहते. १९६३ मध्ये शास्त्रज्ञ एर्स यांनी पॉम्पे रोगाचं कारण हेच असल्याचं दाखवलं. ग्लायकोजेन तोडणारं विकर नाही म्हणून ते स्नायूंच्या पेशींत तुंबतं. अशा तुंबण्याच्या रोगांची यादी आज पन्नासाच्या वर आहे. विकर बाहेरून शिरेवाटे देऊन काही रोगांवर उपचार होतो, पण तो अफाट महाग आहे आणि भारतातल्या बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर.

पेशीतून जठराकडे आलो की आकार बदलायला लागतो. जठरात पचन नुसत्या दळण्याने होतं की रसाने, हा वाद अठराव्या शतकात गाजला. फ्रान्सच्या रेओम्यूर यांनी १७५२ मध्ये पाळलेल्या घारीला मांस भरलेल्या, भोकं पाडलेल्या धातूच्या नळ्या गिळायला दिल्या. घार न पचणारं सगळं ओकून टाकते, त्यामुळे नळ्या परत मिळाल्या. आतलं मांस विरघळलं होतं आणि नळी चेपलेली नव्हती. इटलीचे पाद्री स्पालांझानी यांनी पुढची पायरी गाठली. त्यांनी पाव-मांस भरलेल्या कापडी पिशव्या स्वतः गिळल्या आणि जठररस व मांस भरलेल्या काचनळ्या शरीराची ऊब मिळावी म्हणून काखेत धरून ठेवल्या. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पचन होतं हे त्यातून सिद्ध झालं. आजच्या प्रयोगशाळेत ३७ अंशांना लावलेली पेटी जे काम करते ते या पाद्र्याने काखेने केलं.

पुढे विल्यम प्राउट यांनी जठरातलं आम्ल हायड्रोक्लोरिक असल्याचं दाखवलं, १८३६ मध्ये थिओडोर श्वान यांनी पेप्सिन वेगळं काढलं आणि रसायनाची बाजू लख्ख झाली. भांड्याची बाजू मात्र बराच काळ कोणी पाहिली नाही. डेबोरा पेन्री आणि पीटर जुमार्स या अमेरिकन संशोधकांनी १९८० च्या दशकात प्राण्यांच्या पोटांकडे रासायनिक अभियंत्याच्या नजरेने पाहिलं आणि त्यांचे तीन प्रकार केले. एका तोंडाचं, भरून रिकामं करायचं भांडं, जसं हायड्राचं. सतत ढवळलं जाणारं मोठं भांडं, जसं गाईचं पहिलं पोट. आणि एका टोकाने आत, दुसऱ्या टोकाने बाहेर अशी नळी, जसं आपलं सुमारे सहा मीटरचं लहान आतडं. विकरांनी पचवायचं असेल तर नळी सरस, कारण ताजा माल आणि पचलेला माल एकमेकांत मिसळत नाहीत. जिवाणूंकडून पचवून घ्यायचं असेल तर ढवळलेलं भांडं लागतं, नाहीतर नव्या मालाबरोबर जिवाणू वाहून जातात आणि पुढच्या मालाला विरजणच उरत नाही. मला हे वर्गीकरण या सगळ्या विषयाची किल्ली वाटतं.

गाईच्या पहिल्या पोटात शंभरहून जास्त लिटर कालवण ३९ अंशांना घुसळत असतं. दर मिनिटाला ते एक-दोनदा आकुंचन पावतं. म्हणजे पेन्री-जुमार्स यांचा ढवळण्याचा नियम गाय पाळते आणि त्यासाठी तिला मोटार लागत नाही. तिथे सेल्युलोजपासून बनलेली आम्लं गाय शोषून घेते आणि मिथेन ढेकरेवाटे सोडते. जे पचायला अवघड ते शेणात उतरतं, आणि मिथेन करणारे सूक्ष्मजीवही शेणाबरोबर येतात. गोबरगॅसचं भांडं म्हणजे गाईच्या पोटाला जोडलेलं दुसरं भांडं. अर्धं काम आधीच झालेलं असल्याने इथे गॅस सावकाश निघतो. एक घनमीटर गॅसला साधारण २५ किलो शेण लागतं. पुण्याच्या आरती या संस्थेत आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी पिठूळ, साखरेचं खरकटं वापरलं, तेव्हा कितीतरी कमी मालात आणि कमी वेळात गॅस मिळाला. त्या आटोपशीर संयंत्राला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. गाईने आधीच काढून न घेतलेली ऊर्जा भांड्यात गेली, इतकंच त्यामागचं कारण.

या विषयात मुंबईचा मान जुना आहे. माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्याच्या बंद टाक्यांतून निघणारा वायू गोळा करून वापरायची सोय झाली आणि पुढे त्यावर इंजिन चाललं. हा आश्रम ज्यांच्या पुढाकाराने उभा राहिला ते पालिका आयुक्त हॅरी ॲकवर्थ. मराठी वाचकाला ते दुसऱ्याच कारणाने ठाऊक असतात: शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह त्यांनीच छापला. एका माणसाच्या खात्यावर पोवाडे आणि कुष्ठरोग्यांचा आश्रम ही दोन्ही कामं जमा असणं आजच्या आयुक्तांच्या मानाने नवलाचंच.

खेड्यातला गोबरगॅस मात्र दंडगोलाने सुरू झाला. जशभाई पटेल यांनी १९५१ मध्ये विटांची विहीर आणि तिच्यावर तरंगणारी लोखंडी टाकी अशी रचना बसवली आणि पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने ती गावोगाव नेली. गॅस जमला की टाकी वर येते, वापरला की खाली जाते, त्यामुळे दाब कायम सारखा. टाकी हाताने फिरवली की वर धरलेली साय मोडते. रचना चोख, पण टाकीच खर्चाचा मोठा भाग खाऊन टाकते आणि ती गंजते. दरवर्षी रंग द्यायला पैसे कुठून आणायचे? मग चीनमधल्या बंद घुमटाच्या धर्तीवर १९७८ मध्ये लखनौच्या नियोजन संशोधन व कृती विभागाने जनता मॉडेल काढलं. १९८४ मध्ये ॲफप्रो या संस्थेने दीनबंधू मॉडेल आणलं. लोखंड गेलं आणि गोल परत आला.

दीनबंधू हे माझ्या मते या सगळ्या कथेतलं सर्वांत हुशार भांडं आहे आणि त्याला मिळायला हवी तेवढी दाद मिळालेली नाही. जमिनीत खड्डा खणताना तळच मुळात बशीसारखा खोलगट खणतात आणि त्यावर विटांचा घुमट उभा करतात. दोन वेगवेगळ्या त्रिज्यांच्या गोलांचे दोन काप काठाला काठ जोडून मिटवलेले, असा त्याचा आकार. मधली उभी भिंत गळाली म्हणून विटा आणि सिमेंट वाचलं. वरच्या मातीचं वजन घुमटाला दाबून धरतं आणि वीटकाम दाब सोसायला पटाईत असतं. पण आतून गॅस वर ढकलतो. दाब एक मीटर पाण्याच्या स्तंभाच्या आसपास गेला की वीटकामाला ताण येतो आणि वीटकाम ताण सोसत नाही. म्हणून घुमटावरचा मातीचा भराव ही शोभा नाही, तो संरचनेचाच भाग आहे. घुमटाला आतून गिलावा देणारा गवंडी जरा घाईत असला तर केसासारख्या भेगांतून गॅस निसटतो आणि शेगडी पेटत नाही. नादुरुस्त संयंत्रांच्या तक्रारी ऐकल्या तर बहुतेक वेळा गाडी गिलाव्यावर, गळक्या नळीवर किंवा बुजलेल्या कुंडीवर येऊन थांबते. रसायनशास्त्र क्वचितच दोषी असतं.

ढवळणीचा प्रश्न दीनबंधूने सोडवलेला नाही, टाळला आहे. गॅस जमला की तो शेणकाला बाजूच्या कुंडीत ढकलतो, वापरला की काला परत येतो. या ये-जा करण्यातून थोडी हालचाल होते आणि बाकीचं वेळेवर सोपवलेलं असतं. म्हणून हवामानाप्रमाणे ३०, ४० किंवा ५५ दिवसांचा मुक्काम गृहीत धरून ही संयंत्रं आखतात. थंडीत जिवाणू मंदावतात, म्हणून गॅस कमी मिळतो.

पुण्याजवळ देहूत डॉ. सुहास मापुसकर यांनी याच वाटेने संडासाचा प्रश्न सोडवला. अप्पासाहेब पटवर्धनांच्या कोकणातल्या सफाईच्या कामाचा धागा धरून त्यांनी मलप्रभा हे संडासाला जोडलेलं बायोगॅस संयंत्र घडवलं. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मैल्यावर स्वयंपाक करायला लोक तयार होतील का, ही शंका त्या काळी सगळ्यांना होती. मापुसकरांनी ती वादाने नाही, चुलीवर पेटलेल्या निळ्या ज्योतीने मिटवली.

शहराच्या मैल्याला इतके दिवस वाट पाहणं परवडत नाही. तिथे तापमान ३५ ते ३७ अंश राखायचं, दोन-तीन आठवड्यांत काम उरकायचं, तर जोरात ढवळावंच लागतं. सपाट बुडाच्या रुंद टाकीत दोन गोष्टी हमखास होतात: तळाशी रेतीचा साका बसतो आणि वर तेल-केसांची जाड साय धरते. दोन्ही मिळून टाकीची उपयोगाची जागा खात जातात आणि काही वर्षांनी टाकी बंद करून, हाताने उपसून साफ करावी लागते. जर्मन अभियंत्यांनी यावर आकारानेच उपाय केला. त्यांनी गोल उभा ताणून अंडं केलं. खाली निमुळतं टोक, त्यामुळे रेती एका जागी घसरून जमते आणि नळीने काढता येते. वर निमुळतं टोक, त्यामुळे साय धरायला जागाच लहान. भिंतीला कोपरा नाही, पृष्ठफळ गोलाच्या जवळपासच, आणि मधल्या नळीतून काला खालून वर फिरवला की सगळं भांडं घुसळलं जातं.

रूर खोऱ्यातल्या बोट्रोप इथल्या केंद्रात प्रत्येकी सुमारे १५,००० घनमीटरची अशी चार काँक्रीटची अंडी आहेत. बोस्टनच्या डीअर आयलंडवर बारा पोलादी अंडी आहेत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये न्यूटाउन क्रीकच्या काठी आठ आहेत, रात्री निळ्या दिव्यांत उजळलेली, आणि लोक ती पाहायला जातात. मैल्याच्या टाक्या पाहायला तिकडे सहली जातात आणि आपल्याकडे मैलाशुद्धीकरण केंद्राचं नाव काढलं की शेजारचे रहिवासी मोर्चा काढतात. फरक नुसत्या सौंदर्याचा नसून वासाचाही आहे: अंडं बंद राहतं, वारंवार उघडून उपसावं लागत नाही. अर्थात ते महाग असतं. जिथे जमीन महाग आणि साफसफाईची मजुरीही महाग, तिथेच त्याचा हिशेब जुळतो. आपल्याकडे अजून सपाट टाक्यांचं पारडं जड आहे आणि उपसण्याचं काम अजूनही माणसाच्या अंगावर पडतं. बंद टाकीतल्या विषारी वायूने कामगार गुदमरून मेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, तेव्हा त्या टाकीच्या आकाराचाही दोष असू शकतो याची आठवण ठेवायला हवी.

प्रयोगशाळेतला गोल यांच्या मानाने चिमुकला, पण त्याचा अंमल जगभर. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये धान्यातला नायट्रोजन मोजायची रीत काढली. लांब मानेच्या, गोलसर बुडाच्या चंबूत नमुना आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून तापवायचं. पोटॅशियम सल्फेट घातलं की उकळबिंदू चढतो आणि तापमान ३५० अंशांच्या वर जातं. काळा झालेला द्राव हळूहळू निवळत पारदर्शक झाला की पचन झालं म्हणायचं. सगळा नायट्रोजन आता अमोनियम सल्फेट बनलेला असतो. पुढे अल्क घालून अमोनिया उडवायचा आणि मोजायचा. इथे गोल बूड दाबासाठी नसून आचेसाठी आहे. काच सगळीकडे सारखी तापते, कोपऱ्यात ताण येऊन तडकत नाही. लांब मानेत आम्लाची वाफ थंड होऊन परत खाली येते. ढवळण्याचं काम उकळीच करते.

नायट्रोजनच्या आकड्याला ६.२५ ने, दुधाच्या बाबतीत ६.३८ ने गुणलं की प्रथिनांचा आकडा मिळतो. व्यापाराचे करार या गुणाकारावर चालतात. पण चंबू प्रथिनं ओळखत नाही, तो फक्त नायट्रोजन मोजतो. चीनमध्ये २००८ मध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळलं गेलं ते याच फटीचा फायदा घेऊन. मेलामाइनचं दोन तृतीयांश वजन नायट्रोजनचं असतं. सुमारे तीन लाख बालकं आजारी पडली, सहा दगावली. आम्लाने सगळं सरसकट पचवण्याची ही किंमत होती. पेशीतलं विकर आपला रेणू ओळखून तोडतं, आम्ल काहीच ओळखत नाही.

आता त्या काळ्या पाण्याकडे. कागदाच्या मोठ्या कारखान्यात ते आटवून जाळतात, वाफ मिळवतात आणि सोडा परत घेतात. काडाच्या आणि पेंढ्याच्या काळ्या पाण्यात सिलिका इतकी असते की आटवण्याच्या नळ्यांवर खपली धरते, आणि लहान कारखान्याला ती यंत्रणा परवडतही नाही. म्हणून कित्येक वर्षं ते पाणी सरळ ओढ्या-नदीत गेलं. भारतातल्या लहान कागद कारखान्यांवर प्रदूषण नियंत्रण मंडळांनी जी कारवाई केली तिच्या मुळाशी बऱ्याचदा हेच पाणी होतं. तिसऱ्या कामाची, रिकामं होण्याची, दखल न घेतलेलं पचन अखेर नदीला भोवतं.

मोठ्या उद्योगाने गोळा केव्हाच सोडला. लाकडाच्या लगद्यासाठी स्वीडनमध्ये योहान रिश्टर यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस सतत चालणाऱ्या उभ्या डायजेस्टरवर काम सुरू केलं. वरून लाकडाचे तुकडे, खालून लगदा, मध्ये थांबणं नाही. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढायची कार्ल बायर यांची १८८८ ची रीतही आधी सुट्या भांड्यांत चाले आणि पुढे एकामागून एक जोडलेल्या टाक्यांकडे, कुठे कुठे लांब नळ्यांकडेही गेली. आतड्याने ही युक्ती आधीच अवलंबली होती. माल एकसारखा, भरपूर आणि रोजचा असेल तर नळीला तोड नाही.

गोळा टिकला तो जिथे माल रोज बदलतो तिथे. आज चिंध्या, उद्या केळीचा सोप, परवा चिपाड. आज सोडा थोडा जास्त, उद्या वाफ थोडी कमी. पाळीपाळीचं भांडं असा बदल पचवतं, नळी पचवत नाही. हातकागदाच्या आणि खास कागदांच्या लहान उद्योगांत त्याला म्हणूनच जागा आहे. पण काळ्या पाण्याची सोय आधी दाखवल्याशिवाय नवा गोळा बसवायला परवानगी मिळू नये, या बाबतीत सूट मागणाऱ्यांचं ऐकू नये.

घरी किंवा गावात बायोगॅस करू पाहणाऱ्यांना सांगणं एवढंच. मॉडेलच्या नावावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. रोज किती आणि कसला माल मिळणार ते आधी मोजा, घुमटाचा गिलावा करणारा गवंडी नीट निवडा, आणि बाहेर पडणारी स्लरी कोणाच्या शेतात जाणार हे खड्डा खणण्याआधी ठरवा.